कल्याण (संकल्पना)

हा लेख कल्याण या संकल्पनेविषयी आहे. ठाणे जिल्ह्यातील शहर, संगीतातील थाट व राग, तसेच चालुक्यांची राजधानी कल्याणी यांसाठी स्वतंत्र लेख पाहावेत.

कल्याण म्हणजे व्यक्ती, समाज किंवा निसर्ग यांची अशी स्थिती, की जिच्यात त्यांचे अस्तित्व केवळ टिकून राहत नाही, तर त्यांच्या स्वभावाला अनुसरून फुलते. रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, भांडण नसणे म्हणजे सलोखा नव्हे, तसेच दुःखाचा अभाव म्हणजे कल्याण नव्हे. क्षेम, कुशल, स्वास्थ्य, हित, सुख आणि मंगल हे मराठीतील शब्द या संकल्पनेच्या निरनिराळ्या बाजू दाखवतात.

व्यक्तीचे कल्याण, समाजाचे कल्याण आणि निसर्गाचे कल्याण अशा तीन पातळ्यांवर या संकल्पनेचा विचार केला जातो. तिन्ही पातळ्या परस्परांवर अवलंबून आहेत, हे विधान बहुतेक ग्रंथांत आढळते आणि ते खरेही आहे. मात्र त्या आपोआप एकमेकींना पूरक ठरत नाहीत. एका पातळीवरील कल्याणाची किंमत पुष्कळदा दुसऱ्या पातळीवर मोजावी लागते. त्यामुळे एखाद्या योजनेचे, कायद्याचे किंवा प्रथेचे मूल्यमापन करताना कोणाचे कल्याण झाले, याच्या जोडीने त्याचा भार कोणावर पडला, हेही तपासावे लागते. हा ताण स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात सोलापूर शहर आणि जिल्हा येथील दाखले विस्ताराने दिले आहेत.

शब्द आणि अर्थच्छटा

संस्कृतातील 'कल्याण' हे मुळात विशेषण असून त्याचे अर्थ सुंदर, शुभ, हितकर असे आहेत. मराठीत तो शब्द प्रामुख्याने नाम म्हणून रूढ झाला. आशीर्वादात तो येतो, तसाच शासकीय खात्यांच्या नावांतही येतो. 'समाजकल्याण', 'महिला व बालकल्याण', 'कामगार कल्याण' या जोडशब्दांमुळे आज त्याला अनुदानाचा आणि अर्जाचा वास येऊ लागला आहे, एवढे मान्य करावे लागते.

'योगक्षेम' हा याहून नेमका शब्द आहे. जे मिळालेले नाही ते मिळवणे म्हणजे योग आणि जे मिळाले आहे ते राखणे म्हणजे क्षेम, अशी त्याची पारंपरिक फोड आहे. वेदवाङ्मयात, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात हा शब्द आढळतो. भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यातही तो आहे. या शब्दाचे वैशिष्ट्य असे, की त्यात मिळवण्याइतकेच राखण्याला महत्त्व आहे. विकासाच्या आधुनिक चर्चेत योगाची बाजू जोरात मांडली जाते आणि क्षेमाची बाजू मागे पडते.

जुन्या मराठी पत्रांत प्रारंभी इकडील क्षेम कळवून तिकडील क्षेम विचारण्याची रीत होती. त्या क्षेमात घरच्या माणसांची प्रकृती येई. पाऊसपाणी, पेरणी आणि गाईगुरे यांचीही वार्ता ओघाने येई. कुटुंबाचे कुशल आणि शिवाराचे कुशल यांची वेगळी प्रकरणे पाडण्याची गरज पत्रलेखकाला वाटत नसे.

व्यक्तीचे कल्याण

आयुर्वेदात निरोगी मनुष्यासाठी 'स्वस्थ' असा शब्द आहे. स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठिकाणी स्थिर असलेला. सुश्रुतसंहितेतील स्वस्थाच्या लक्षणात दोष, अग्नी, धातू व मल यांचा समतोल सांगून आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नताही आवश्यक मानली आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने क्षणिक सुखापेक्षा सद्गुणांनी युक्त, सक्रिय जीवनाला मनुष्याचे खरे श्रेय मानले.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. तिच्यात आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था अशी केली आहे. 'परिपूर्ण' या शब्दावर टीका झाली आहे. त्या मापाने पाहिल्यास वार्धक्यातील, दीर्घकालीन आजार असलेला किंवा अपंग असलेला जवळजवळ कोणीही मनुष्य आरोग्यवान ठरणार नाही. वास्तवात मधुमेह किंवा सांधेदुखी असूनही समाधानी आणि उपयुक्त जीवन जगणारी माणसे सर्वत्र दिसतात. व्याख्येतील 'सामाजिक' या शब्दाचे महत्त्व मात्र वादातीत आहे. माणसाची प्रकृती त्याच्या शरीरापुरती मर्यादित नसते, तर त्याचे घर, काम, पाणी आणि शेजार यांतून ती घडते, हे त्या शब्दाने मान्य केले.

समाजाचे कल्याण

राजाने प्रजेचे योगक्षेम वाहावे, ही अपेक्षा भारतीय राजनीतीत जुनी आहे. महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत या अपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे आहे. बहामनी राजवटीतील अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्या लोकांसाठी उघडली, अशी परंपरागत कथा आहे. पुढे विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन बीदरला त्या धान्याची रक्कम भरली, असा तिचा उत्तरार्ध आहे. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी कथेचा गाभा विचारात घेण्याजोगा आहे. कोठारातील धान्य राज्याचे की रयतेचे, हा तो प्रश्न होय.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३८ मध्ये लोककल्याणासाठी न्याय्य समाजव्यवस्था निर्माण करण्याचे आणि अनुच्छेद ४७ मध्ये पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य राज्यावर सोपवले आहे. ही मार्गदर्शक तत्त्वे असल्याने त्यांच्या अंमलासाठी थेट न्यायालयात दाद मागता येत नाही.

निसर्गाचे कल्याण

निसर्गाचे कल्याण या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ केले जातात. मनुष्याला स्वच्छ हवा, पाणी, चारा, इंधन मिळत राहावे म्हणून निसर्ग सुस्थितीत असावा, हा पहिला. मनुष्याच्या उपयोगाचा प्रश्न न काढता पशुपक्षी, वनस्पती, नद्या आणि माळराने यांना स्वतःचे हित आहे, हा दुसरा. १९७६ मधील ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ४८-क आणि ५१-क (छ) समाविष्ट झाले. पहिल्याने पर्यावरणाचे संरक्षण राज्याचे, तर दुसऱ्याने निसर्गाचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दयाभाव हे नागरिकांचे कर्तव्य ठरवले.

मराठी वाङ्मयात दुसऱ्या अर्थाचा सर्वांत प्रसिद्ध उच्चार ज्ञानेश्वरीच्या अखेरीच्या पसायदानात आहे. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये नेवासे येथे पूर्ण झालेल्या या ग्रंथाच्या शेवटी केलेली मागणी केवळ मनुष्यांसाठी नसून सर्व जीवांसाठी आहे. पसायदान शाळाशाळांतून पाठ म्हटले जाते. त्यातील प्राणिजाताचा उल्लेख मात्र पाठांतराच्या ओघात अनेकदा निसटतो. पुढे येणाऱ्या माळढोक अभयारण्यात याच नेवासे तालुक्याचा भाग समाविष्ट झाला होता, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

मोजमाप

एखाद्या देशाचे कल्याण त्याच्या एकूण उत्पादनावरून मोजावे की नाही, हा विसाव्या शतकातील मोठा वाद होता. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने १९९० पासून मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. त्यात उत्पन्नासोबत आयुर्मान आणि शिक्षण यांचा विचार होतो. भूतानने 'सकल राष्ट्रीय आनंद' ही कल्पना स्वीकारली आणि २००८ च्या आपल्या संविधानात तिला स्थान दिले. निसर्गाच्या स्थितीचा या मोजमापांत कमी-अधिक समावेश होत असला, तरी त्यांच्या केंद्रस्थानी मनुष्यच आहे.

सरासरी हे या सर्व मापांचे दुखणे आहे. सरासरी वाढताना काहींचा वाटा कमी झालेला असू शकतो आणि तो आकड्यात दिसत नाही. तो दिसण्यासाठी एखादे गाव किंवा शहर जवळून पाहावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातील दाखले

सोलापूर जिल्हा दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा असून दुष्काळ येथील लोकजीवनाचा भाग आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शहरात सर्रास बोलल्या जातात.

सिद्धेश्वर तलाव

बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत होत. तेव्हा या गावाचे नाव सोन्नलिगे असे होते. सिद्धरामेश्वरांनी अनुयायांच्या श्रमातून तलाव खोदला, मंदिर उभारले आणि परिसरात ६८ लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. बसवेश्वरांच्या शरण चळवळीतील 'कायक' म्हणजे प्रामाणिक श्रम हीच उपासना आणि 'दासोह' म्हणजे श्रमाच्या फळाचे समाजात वाटप, या कल्पनांशी हे कार्य सुसंगत होते. बारमाही नदी नसलेल्या गावात तलाव खोदणे हे तहान भागवण्याचे काम होते, तसेच ते धर्मकार्यही होते.

शून्यसंपादने या कन्नड ग्रंथातील एक प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. अल्लमप्रभू सोन्नलिगेस आले, तेव्हा तलावाचे काम चालू होते. त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख दगडमाती फोडणारा वड्डर असा केला. संतापलेल्या कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड फेकले. पुढे दोघांचा संवाद झाला आणि बाहेरच्या बांधकामाने आतील ज्ञान लाभत नाही, हे सिद्धरामांनी मान्य केले, असे कथानक आहे. व्यक्तीचे आंतरिक कल्याण मोठे की सर्वांच्या उपयोगी पडणारे काम मोठे, हा वाद आठशे वर्षांपूर्वी सोलापूरच्या तलावाच्या काठावर झाला, असे या कथेवरून म्हणता येते. कथेचा निर्णय अल्लमप्रभूंच्या बाजूने आहे. लोकांनी मात्र तलाव बुजवला नाही. मकर संक्रांतीच्या गड्डा यात्रेत आजही नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि ६८ लिंगांना तेलाभिषेक होतो.

तलावाचे आजचे आरोग्य हा वेगळा विषय आहे. साचणारा गाळ, निर्माल्य, शेवाळ आणि शहराचे सांडपाणी या तक्रारी पुन्हा पुन्हा होतात. ज्या श्रद्धेने तलाव निर्माण केला, तिच्याच निर्माल्याने तो भरावा, ही विसंगती भाविकांनाही जाणवते.

सेटलमेंट

इ.स. १८७१ मध्ये शहराच्या उत्तरेस आदिला नदीवरील एकरूख (हिप्परगा) तलाव पूर्ण झाला. लोकोपयोगी कामाचा तो नमुना होता. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे मुंबई इलाख्यातही तशा तरतुदी लागू झाल्या आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या भटक्या जमातींची कुटुंबे तेथे ठेवली जात. त्यांची नियमित हजेरी घेतली जाई आणि परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. स्त्री-पुरुषांना कापडगिरण्यांत कामाला पाठवले जाई.

या व्यवस्थेचा घोषित हेतू 'सुधारणा' असा होता. काम, घर, शाळा, दवाखाना या कल्याणाच्या यादीतील गोष्टी कुंपणाच्या आत थोड्याफार उपलब्धही होत्या. नव्हते ते स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा. गिरण्यांना मात्र हक्काचे मनुष्यबळ मिळाले. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी (जुनी मिल) १८७७ पासून चालू होती आणि वाढत्या गिरणगावाला कामगारांची गरज होती. कल्याणाच्या यादीतील सर्व खाणाखुणा पूर्ण होऊनही मनुष्याचे अकल्याण कसे होऊ शकते, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द होऊन या जमाती 'विमुक्त' झाल्या. त्या वस्तीला आजही 'सेटलमेंट' असेच म्हणतात.

विडी कामगार स्त्रिया

सोलापूरच्या पूर्व भागात, प्रामुख्याने तेलुगू भाषक पद्मशाली समाजात, घरोघरी विडी वळण्याचे काम स्त्रिया करतात. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, पाने भिजवून मापाने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायच्या, दोऱ्याने बांधायच्या आणि मोजून परत द्यायच्या, असा हा क्रम आहे. मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि नापास ठरलेल्या विड्या मोजणीतून जातात. घरातील पुरुष बहुधा यंत्रमागावर असतो. अनेक घरांत चूल या दोन्हींतील बिनभरवशाच्या मिळकतीवर चालते.

या कामाने स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा आला. घर आणि मुले सांभाळून ते करता येते. त्याच कामाने तिच्या श्वासात तंबाखूची धूळ गेली, त्वचेवाटे निकोटिन शरीरात उतरले आणि तासन्‌तास एका बैठकीत बसून मान, पाठ व कंबर धरली. व्यक्तीच्या पातळीवर एकाच कृतीत हित आणि अहित यांची इतकी घट्ट वीण क्वचित आढळते.

कायद्याने या स्थितीची दखल घेतली. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीची स्थापना झाली. निधीसाठी विडीवर उपकर लावण्यात आला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीस साहाय्य दिले जाई. म्हणजे विडी जितकी ओढली जाई, तितका वळणारणीच्या कल्याणाचा निधी वाढे. ओढणाऱ्याच्या फुप्फुसांचा हिशेब या वहीत नव्हता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताना हा उपकर रद्द झाला.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तंबाखूचा वापर कमी होणे इष्ट आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानंतर निर्बंध वाढत गेले आणि २०१६ मध्ये वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर धोक्याची सूचना सक्तीची झाली. अशा प्रत्येक निर्बंधाच्या वेळी पूर्व भागातील स्त्रियांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: विडी गेली तर हाताला दुसरे काय? शिवणकाम, वस्त्रोद्योग, खाद्यपदार्थ हे पर्याय सुचवले जातात. सूचना करणे सोपे असते. चाळीस वर्षे विडी वळलेल्या बोटांना दुसरे कौशल्य आणि तितक्याच मिळकतीची हमी देणारी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी राहिलेली नाही, हे वास्तव आहे.

घराच्या बाबतीत मात्र या स्त्रियांनी संघटनेच्या बळावर मोठी मजल मारली. माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील प्रयत्नांतून दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तिला वारली लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव देण्यात आले. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे हस्तांतरण झाले. केंद्र, राज्य आणि लाभार्थी अशा तिघांच्या वाट्यातून ही घरे झाली. त्यानंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना आखली गेली. तिच्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. परस्परविरोधी पक्षांची सरकारे एकाच प्रकल्पाच्या पाठीशी उभी राहिली, हे उल्लेखनीय आहे. स्वतःच्या नावाचे घर हे या स्त्रियांच्या दृष्टीने कल्याणाचे सर्वांत मूर्त रूप ठरले. भाड्याच्या खोलीत तंबाखूचे सूप आणि पाळणा शेजारी शेजारी असत. घराला दुसरी खोली मिळाली की त्यांच्यामध्ये निदान एक भिंत येते.

उजनी

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यामागील जलाशयास यशवंतसागर म्हणतात. धरणाने जिल्ह्याचे रूप पालटले. ज्वारी आणि करडईच्या कोरडवाहू पट्ट्यांत ऊस, केळी, द्राक्षे, डाळिंब आली आणि साखर कारखान्यांची संख्या वाढत गेली. ज्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, तिच्या मुलांनी बागायत पाहिली. या बदलाला कल्याण न म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बुडीत क्षेत्रातील गावांनी घरे, मळे आणि देवळे गमावली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते. त्याच जलाशयाच्या उथळ काठांवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि पक्षिनिरीक्षकांची गर्दी होते.

पाणी आले तरी त्याची वाटणी सम झाली नाही. ऊस बारमाही पाणी पितो, तर धरणापासून दूर असलेल्या सोलापूर शहरात नळाला दिवसांआड पाणी येण्याची सवय रहिवाशांनी करून घेतली आहे. वरच्या अंगाला असलेल्या पुणे परिसराचे सांडपाणी आणि औद्योगिक पाणीही अखेरीस याच जलाशयात उतरते. पुण्याच्या स्वच्छतेचा काही भार अशा रीतीने सोलापूरकरांच्या पिण्याच्या पाण्यावर पडतो.

माळरान आणि माळढोक

सोलापूर–बार्शी रस्त्यावर नान्नजच्या परिसरात मुरमाड, हलक्या जमिनीची गवताळ माळराने आहेत. महसुली आणि नियोजनाच्या परिभाषेत अशा जमिनीस 'पडीक' म्हणण्याचा प्रघात आहे. धनगरांच्या मेंढ्या, काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक आणि टिटवी यांना ती पडीक वाटत नाही. या माळाचा सर्वांत मोठा रहिवासी माळढोक होय.

माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. घरटे नाही, आडोसा नाही. चहूकडे दूरवर दिसणे हेच तिचे संरक्षण. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि शेतातील दाणे असा त्याचा आहार असल्याने तो माळावर राहतो आणि लगतच्या कोरडवाहू शेतांतही वावरतो. राष्ट्रीय पक्ष्याच्या निवडीच्या वेळी पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला.

सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास नान्नज येथे माळढोक पाहून त्याची नोंद केली आणि त्याच्या रक्षणासाठी पाठपुरावा केला. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे या तालुक्यांतील भाग त्यात आले. हा आकडा किती मोठा आहे, हे समजण्यासाठी संपूर्ण सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घ्यावे.

हेतू उदात्त होता, परंतु सीमारेषा नकाशावर आखली गेली. तिच्या आत गावे, बाजारपेठा, विहिरी, बागायती शेते आणि हजारो शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी होत्या. खाजगी जमिनीचे व्यवहार, बिगरशेती वापर, रस्ते व उद्योग यांवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी एकर-दोन एकर विकू पाहणाऱ्या माणसाला, ज्या गावात माळढोक कधी दिसलाही नाही, तेथे माळढोकामुळे अडवले जात असल्याची भावना निर्माण झाली. पक्षी हा शेतकऱ्याचा शत्रू कधीच नव्हता. तो त्याच्या पिकावरचे नाकतोडे खाई. कागदावरच्या रेषेने दोघांना समोरासमोर उभे केले. दीर्घ मागणीनंतर आणि न्यायालयीन प्रक्रियेनंतर या शतकाच्या दुसऱ्या दशकात अभयारण्याचे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले.

दुसरी चूक उलट दिशेने झाली. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली माळ हिरवे करण्याच्या उद्देशाने अनेक ठिकाणी ग्लिरिसिडियासारख्या झाडांची लागवड झाली. झाडे लावणे हे निर्विवाद पुण्यकर्म मानले जाते. शाळांतून तेच शिकवले गेले आणि आजही शिकवले जाते. परंतु दूरवर पाहता येण्यावर ज्याचे जीवित अवलंबून आहे, अशा पक्ष्याच्या दृष्टीने झाडांच्या रांगा म्हणजे आडोशाला दबा धरणाऱ्या शत्रूंची सोय. पक्षिशास्त्रज्ञ असद रहमानी यांनी नान्नज आणि अन्यत्र माळढोकाचा दीर्घ अभ्यास करून माळरानावरील अशा वृक्षारोपणावर टीका केली. माळाचे कल्याण माळ म्हणून राहण्यात आहे, त्याचे जंगल करण्यात नाही, हा मुद्दा वनखात्यासह अनेकांना उशिरा पटला.

या काळात अभयारण्याच्या भोवतीचे शिवारही बदलत होते. कालवे, विंधनविहिरी आणि ठिबक सिंचनाने कोरडवाहू ज्वारीची जागा ऊस आणि द्राक्षबागांनी घेतली. तारांचे मांडव आणि उंच पीक यांत माळढोकाला वावर नाही. वरून विजेच्या तारा आल्या. जड शरीर आणि समोरची मर्यादित दृष्टी यांमुळे उडताना त्याला तारा वेळेवर दिसत नाहीत. राजस्थान व गुजरातमधील अशा तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने तारा भूमिगत करण्याविषयी व्यापक आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये ते शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली, कारण त्या तारांतून वाहणारी वीज सौर व पवन ऊर्जेची होती आणि हवामानबदल रोखणे हेही सार्वजनिक हितच होते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०११ मध्ये माळढोकास 'अतिसंकटग्रस्त' ठरवले. देशभरातील त्याची संख्या १९६९ च्या सुमारास बाराशेहून अधिक असावी, असा अंदाज होता. आता ती दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते आणि त्यातील बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत. तेथे २०१९ पासून बंदिस्त प्रजननाचा प्रकल्प चालू आहे. नान्नज परिसरातील गणनांत हा आकडा प्रथम दोन अंकांवरून एका अंकावर आणि नंतर काही वर्षी एक-दोन पक्ष्यांवर आला.

अभयारण्य आजही आहे. काळविटांचे कळप, लांडगे, खोकड आणि हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे पाहण्यासाठी निसर्गप्रेमी नान्नजला जातात. वनखाते गवताचे पट्टे राखते आणि गणनेच्या दिवशी स्वयंसेवक पहाटेपासून माळावर बसतात. लगतच्या गावांतील वयस्कर शेतकरी ज्वारीच्या शेतात माळढोक हिंडत असल्याच्या आठवणी सांगतात. तो पावसाळ्याच्या दिवसांत घुमायचा आणि तो आवाज दूरवर ऐकू यायचा, असे त्यांचे वर्णन असते. त्यांच्या नातवंडांपैकी बहुतेकांनी हा पक्षी केवळ अभयारण्याच्या फलकावर पाहिला आहे.